जुन्या ट्रॅव्हलरचं भरकटणारं स्टेअरिंग: अलाइनमेंट, वेज, किंगपिन की बॉक्स?

किणी टोलनाका मागे टाकून कोल्हापूरकडे निघालं की रस्ता बराच सरळ आहे. तिथं साठच्या वेगात स्टेअरिंग सरळ धरूनसुद्धा सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहावं लागत असेल, तर गाडी भरकटते आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर तो आजार वेगळा. भरकटणारी गाडी कुठल्याच बाजूची नसते, तिला सरळ म्हणजे काय हेच कळेनासं झालेलं असतं. ऊस हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, उजवीकडून जाणारी लक्झरी बस आणि मागच्या बाकावर झोपलेली मुलं, अशा वेळी हे किती जड जातं ते ज्यानं चालवलंय त्यालाच ठाऊक.

माझी गाडी नव्वदच्या दशकातली टेम्पो ट्रॅव्हलर. आत दोन बाक, गॅसचा ओटा, पाण्याची टाकी. अशी जुनी गाडी घेऊन घरासारखी सजवणारे आता बरेच भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: पैसे नक्की कशावर घालू? कारण चार गॅरेजांत गेलात तर चार उत्तरं मिळतात. मी ती सगळी करून बसलोय, म्हणून एकापुढे एक ठेवून सांगतो.

आधी गाडीची घडण. बजाज टेम्पोनं 1987 मध्ये आणलेली ट्रॅव्हलर मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवरून घेतलेली. जुन्या गाड्यांना पुढे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे असतात. स्टेअरिंग बॉक्समधून पिटमन आर्म, तिथून ड्रॅग लिंक, मग टाय रॉड आणि शेवटी चाक ज्यावर वळतं तो किंगपिन, अशी साखळी. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी चाल, म्हणजे ढिलेपणा, आली की हातात तिची बेरीज येते. मॅटाडोर असेल तर यातलं वेजचं (पुढच्या पाट्यांखाली घालायच्या पाचरीचं) प्रकरण तुम्हाला लागू नाही, ती गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि तिची पुढची बांधणीच निराळी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 98वा नियम स्टेअरिंगची मोकळी चाल 30 अंशांपेक्षा जास्त नको म्हणतो. 45 सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर 30 अंश म्हणजे कडेला जवळजवळ 12 सेंटिमीटर. ही शेवटची हद्द झाली. महामार्गावर निवांत चालवायचं तर चाल त्याच्या पाव भागात असावी, असं माझं मत.

वजन, टायर आणि अलाइनमेंट

हे सगळ्यांत स्वस्त, आणि लोक नेमकं हेच अर्धवट करतात. गाडी सामानासकट, टाकी भरून, वजनकाट्यावर न्या. मार्केट यार्डाच्या भागात काटे आहेत. एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, एकदा पूर्ण गाडी. मला स्वतःला हे फार उशिरा सुचलं. माझी 120 लिटरची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, साधारण मीटरभर अंतरावर होती. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 3.35 मीटर धरलं तर भरलेली टाकी मागच्या अ‍ॅक्सलवर 156 किलो टाकते आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरचे 36 किलो उचलून घेते. त्यात मागे लावलेली स्टेपनी आणि गॅसची टाकी मिळवा. पुढची चाकं हलकी झाली की ती रस्ता धरत नाहीत. टाकी दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये आणली आणि एक पैसाही सुट्या भागांवर न घालता गाडीत फरक जाणवला.

टायरची नक्षी बघून फसू नका. अशा गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा: 1723 असेल तर 2023 सालचा 17वा आठवडा. सहा-सात वर्षं उलटली असतील आणि बाजूला बारीक भेगा असतील, तर नक्षी कितीही खोल असो, त्याचं रबर कडक झालेलं असतं आणि तो गाडी हलवतो. हवा काट्यावरच्या वजनाप्रमाणे भरा, पंपावरच्या पोराच्या अंदाजानं नको.

अलाइनमेंटच्या दुकानात बहुतेक ठिकाणी फक्त टो-इन (पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत) बसवून देतात. पुढे टो-आउट, म्हणजे तोंडं बाहेर फाकलेली, असेल तर गाडी भरकटतेच, त्यामुळे ते काम खोटं नाही. पण कॅस्टरचा, म्हणजे किंगपिनच्या मागच्या झुकावाचा, आकडा काढून मागा. त्यासाठी चाकं दोन्हीकडे वळवून माप घ्यावं लागतं, म्हणून घाईत ते टाळलं जातं. तो आकडा हातात असल्याशिवाय वेज घालायची की नाही हे ठरवताच येत नाही.

वेज

किंगपिनचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असतं, त्याला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते बरंचसं या झुकावामुळे. मागे सामान वाढलं म्हणून कुणी मागच्या पाट्यांत जादा पाटा घातला आणि मागची बाजू 5 सेंटिमीटर उचलली, तर पुढच्या-मागच्या चाकांमध्ये 3.35 मीटर अंतर असलेल्या गाडीत पाऊण अंशाहून जास्त कॅस्टर गेला. पुढचे पाटे बसले असतील तर आणखी. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकानं नेमकं हेच केलेलं होतं.

उपाय म्हणजे अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचरीसारखी लोखंडी पट्टी. पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील तर जाड बाजू मागे. दोन्हीकडे सारखीच, आणि पाट्यांमधून जाणारा सेंटर बोल्ट लांब. उद्यमनगरात लेथवाल्याकडून ही पट्टी करून घेणं अर्ध्या दिवसाचं काम. अ‍ॅल्युमिनियमची मात्र घेऊ नका, ती चेपते आणि तडकते. तोटा एवढाच की कॅस्टर वाढला की उभ्या गाडीत स्टेअरिंग जड होतं. पॉवर स्टेअरिंग नसेल तर महाद्वार रोडच्या गर्दीत हात दुखतील. म्हणून दोन अंशांच्या पुढे जायची हौस करू नका.

किंगपिन आणि सांधे

माझा कौल इथं आहे.

चाक जॅकवर उचला. वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवा. हललं तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर हब बेअरिंग (चाकाचं बेअरिंग) सैल आहे, तशीच राहिली तर किंगपिन गेला. ही परीक्षा गॅरेजवाल्याच्या शब्दावर सोडू नका, शेजारी उभे राहून करून घ्या. मग गाडी खाली ठेवून एकाला स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला लावा आणि स्वतः खाली बसून प्रत्येक सांध्यावर हात ठेवा. गेलेला टाय रॉड एंड डोळ्यांआधी बोटांना कळतो.

माझा डावा किंगपिन काढला तेव्हा मिस्त्रींनी तो पुसून माझ्या हातात दिला. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला नख अडकेल एवढी पायरी. बुश, म्हणजे किंगपिन ज्यात फिरतो ती नळी, तर अंड्यासारखं लांबट झालेलं. आणि उजव्या बाजूला उलटंच: ग्रीस पोचतच नव्हतं, निप्पल मातीनं बंद, किंगपिन कोरडा आणि घट्ट. घट्ट किंगपिनसुद्धा गाडी भरकटवतो, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. चाक थोडं वळलं की तिथंच अडकून राहतं, कॅस्टर त्याला परत आणू शकत नाही, आपण उलटं वळवतो, मग ते तिकडे अडकतं. एक बाजू सैल, एक बाजू घट्ट, आणि मी दोन वर्षं दोष वाऱ्याला देत होतो.

काम दोन दिवसांचं. नवी बुशं ठोकून रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) मारावा लागतो, आणि तो वरच्या-खालच्या दोन्ही बुशांतून एका रेषेत जायला हवा. इथंच काम चांगलं की वाईट ते ठरतं. कोल्हापुरात हे करणारे जुने हात अजून आहेत, ट्रकचं काम करणाऱ्यांकडेच जा. थ्रस्ट बेअरिंग, ड्रॅग लिंक आणि टाय रॉडचे एंड, पाट्यांची आणि शॅकलची (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीची) बुशं त्याच वेळी बघून घ्या. पाट्यांची बुशं गेली असतील तर अख्खा अ‍ॅक्सलच मागेपुढे सरकतो.

स्टेअरिंग बॉक्स

बॉक्सवर एक स्क्रू असतो, तो आवळला की मधली चाल कमी होते. म्हणून प्रत्येक जण आधी तोच आवळतो. माझ्याही गाडीचा एका गॅरेजमध्ये आवळला गेला, "साहेब, आता बघा" म्हणून किल्ली हातात दिली. शहरात गाडी छान वाटली. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात एका वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग परत आलंच नाही, दोन्ही हातांनी ओढून सरळ करावं लागलं. समोरून एसटी येत होती. तो क्षण आठवला की आजही हात गार पडतात.

बॉक्स खरंच दोषी आहे का, हे बघायची रीत सोपी आहे. स्टेअरिंग हलवा आणि पिटमन आर्मकडे बघा. स्टेअरिंग हलतंय पण आर्म जागचा हलत नाही, तर चाल बॉक्समध्ये किंवा वरच्या कॉलमच्या जोडात. आर्म हलतोय पण चाक नाही, तर दोष खालच्या सांध्यांत. बॉक्सचे चासीवरचे बोल्टही याच वेळी बघा, जुन्या गाडीत तिथं बारीक तडा असू शकतो. बॉक्स उघडून बेअरिंग आणि सील बदलणं महाग काम आहे. दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यात पैसे घालू नका.

स्टेअरिंग डँपर हा चाकांची थरथर गिळतो, सांध्यांतली चाल तशीच ठेवतो. पॉवर स्टेअरिंग बसवून घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, की ते हाताचे कष्ट कमी करतं, पण झिजलेला किंगपिन झाकून ठेवतं, आणि तसा बदल केलात तर आरटीओत आधी विचारून घ्या.

आता निवड. गाडी फक्त पन्हाळा-जोतिबापर्यंत जात असेल आणि हात आखडता असेल, तर वजन, टायर, ग्रीस आणि टो-इन एवढं करा, चालेल. कोकणात, गोव्याला कुटुंब घेऊन जाणार असाल तर किंगपिनची परीक्षा झाल्याशिवाय निघू नका. बॉक्स आणि किंगपिन यांतलं एकच परवडत असेल, आणि आर्मची परीक्षा बॉक्सकडे बोट दाखवत नसेल, तर मी डोळे झाकून किंगपिन म्हणेन. वेज शेवटी, कॅस्टरचा आकडा बघून. किंगपिन नवे केल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावंच लागतं, म्हणून आधीच त्यावर दोनदा पैसे घालू नका.

पहिले काही दिवस स्टेअरिंग थोडं जड लागेल, बुशं बसायची असतात. ग्रीस भरताना चाक जॅकवर उचलून भरा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारत राहा. वजन चाकावर असलं की बुशाची एक बाजू दाबलेली राहते, तिथं ग्रीस पोचत नाही, आणि झिजते तीच बाजू.