सचिन की रेयांश?

बाळाचं नाव आजोबांच्या आवडीचं सचिन ठेवावं की रेयांश, यावर मैत्रिणीचं घोडं अडलंय.

सचिन म्हटलं की पन्नाशीचा काका डोळ्यांसमोर येतो, हे खरं. (1973 साली तेंडुलकरचं नाव सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं, म्हणजे तेव्हाही ते जुनंच!) पण आज बालवाडीत बाईंनी 'सचिन' हाक मारली तर बहुधा एकच मान वळेल, रेयांश म्हटलं तर रियांश आणि श्रेयांशही उठतील.

लिहायला सचिन सोपं. रेयांशची मात्रा की वेलांटी, हे जन्मभर सांगत बसायचं.

लाडाचं नाव? 'सच्या' अटळ. 'रेयू' गोड.

नात्यात आधीच एखादा सचिन असेल तर रेयांश बरं. नसेल आणि सुटसुटीत नाव हवं असेल, तर बेलाशक सचिन.