संध्याकाळी 5:32 ला घेतलेलं रक्त आणि माझे 1,15,899 रुपये

विषय असा आहे की चारचौघांत काढायची लाज वाटते, आणि ‘पुरुषांच्या हार्मोन’ क्लिनिकवाल्यांचा सगळा धंदा त्या लाजेवरच चालतो. म्हणून आज लिहितोच.

वय 39. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये सुपरवायझर आहे, एक आठवडा सोडून एक रात्रपाळी. वर्षभर अंग मोडून येत होतं, चिडचिड व्हायची, बायकोजवळ जायची इच्छाच उरली नव्हती. मोबाईलवर ‘पुरुषांच्या हार्मोन’ क्लिनिकची जाहिरात सारखी दिसायची. सल्ला फुकट, तपासणी 1,499. गेलो. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच झालं: एसी केबिन, गोड बोलणारा काउन्सेलर, ‘ही ऑफर आजच्यापुरतीच’.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, 271 आलं. काउन्सेलरने आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि म्हणाला, “सर, हा साठीतल्या माणसाचा रिपोर्ट आहे.” पायाखालची जमीन सरकली. त्याच बैठकीत 96,000 चं सहा महिन्यांचं पॅकेज गळ्यात मारलं. 24,000 जागेवर भरले, उरलेल्या 72,000 चं कर्ज त्याने माझ्याच मोबाईलवर आलेला ओटीपी विचारून पाच मिनिटांत काढलं. महिना 6,000 चे बारा हप्ते. वर पावडरी आणि गोळ्या 18,400 च्या. तपासणीचे 1,499 धरून बेरीज 1,15,899.

आता जे आठवलं की अजूनही झोप उडते ते सांगतो. त्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ छापलेली होती, 17:32. आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुना सकाळी 7 ते 10 या वेळेतला असावा. मी ते वाचलं होतं! रात्रपाळी करून, दुपारी तीनला उठून, पोटभर जेवून मी तिथे गेलो होतो. हा हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतो आणि दिवसभरात उतरतो. झोप मोडली, पोट भरलेलं असलं तरी आकडा खाली येतो. उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या सकाळी कमी आल्याशिवाय कुठलाही नीट डॉक्टर कमतरता आहे असं म्हणत नाही. कारखान्यात मी एका रीडिंगवर कधी लॉट रिजेक्ट केलेला नाही, मोजायच्या गेजवर शंका आली तर आधी गेज तपासतो. आणि स्वतःच्या शरीराचा निकाल मात्र एका संध्याकाळच्या आकड्यावर मान्य करून आलो.

कोणी म्हणेल शिकलेला माणूस असा कसा फसला. वर्षभर रोज मेल्यासारखं उठून बघा, मग बोला. शिवाय पहिले सहा आठवडे खरंच बरं वाटलं, त्यामुळेच शंका आली नाही.

दर बुधवारी इंजेक्शन. मी आत जायच्या आधीच सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवलेली असायची, पिवळसर, तेलकट. नाव विचारलं की ‘आमचं खास फॉर्म्युलेशन’. सतराव्या बुधवारी कचऱ्याच्या डब्यात फुटलेली काचेची अँप्यूल दिसली, तिच्यावरचं नाव वाचलं. साधं टेस्टोस्टेरॉन, 250 मिलिग्रॅम. केमिस्टकडे छापील किंमत पाचशेच्या आत. आणि हा डोस दोन-तीन आठवड्यांतून एकदा द्यायचा असतो, मला दर आठवड्याला टोचत होते. भरलेली सिरिंज कधीही घेऊ नका, अँप्यूल तुमच्यासमोर फोडायला लावा.

तोवर चेहरा लालबुंद, डोकं जड. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही झोपेत घोरता घोरता श्वासच थांबवता, मला भीती वाटते.” तिनेच ओढून हार्मोनच्या खऱ्या डॉक्टरांकडे नेलं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 57 टक्के निघालं. 54 च्या वर गेलं की हे औषध थांबवतात, कारण रक्त घट्ट होतं. सुरुवातीला आणि मग तीन ते सहा महिन्यांत ही तपासणी करायचीच असते. क्लिनिकने एकदाही केली नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, “अजून मूल हवं आहे का?” आम्ही दोघं गप्प. दुसऱ्यासाठी दोन वर्षं प्रयत्न चालू होते. क्लिनिकमधल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम पाठवणं बंद करते, आणि शुक्राणू तयार होणं थांबतं. माझा रिपोर्ट शून्य आला. बायकोने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि रिक्षात घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात हवालदाराने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, “कसलं इंजेक्शन म्हणालात?” बाकावरचे हसले. मग, ‘हे सिव्हिल मॅटर आहे’. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात म्हणाले औषधाचं बिल आणा. माझ्या बिलावर फक्त ‘वेलनेस पॅकेज’. डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायला गेलो तर नाव आणि नोंदणी क्रमांक मागितला. पांढरा कोट घातलेल्या त्या माणसाने प्रिस्क्रिप्शन कधी लिहूनच दिलं नव्हतं. कर्ज देणारे म्हणतात सेवेचं क्लिनिकशी बोला. क्लिनिक म्हणतं कर्ज आमचं नाही. जो तो तोच कागद मागतो जो मला मुद्दाम दिलेला नाही! तीन रजा बिनपगारी गेल्या. आणि 1954 पासून कायदा आहे, लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरातच करता येत नाही. तीच जाहिरात काल पुन्हा माझ्या मोबाईलवर आली. हे कोणालाच दिसत नाही का?

शेवटी एका वकील मित्राने वाट दाखवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. कर्जाचे मेसेज, बिल, काउन्सेलरचे व्हॉट्सअॅप, ती वेळ छापलेला रिपोर्ट, सगळं जोडलं. तुम्हीही काही डिलीट करू नका. ओटीपी तर सख्ख्या भावालाही सांगू नका.

ज्यांना खरी कमतरता आहे, पिट्युटरीचा आजार आहे किंवा वृषण काढलेलं आहे, त्यांनी हे वाचून आपलं औषध बंद करू नये. पण एलएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीची हार्मोन्स न तपासता कोणी सुई उचलली तर उठून बाहेर या. मूल हवं असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा.

इंजेक्शन बंद केल्यावर दोन महिने फार वाईट गेले. मग झोपेची तपासणी झाली, श्वास थांबण्याचा आजार निघाला, रात्री मशीन लावतो. साडेपाच महिन्यांनी, सुट्टीच्या आठवड्यात, सकाळी आठला उपाशीपोटी दोनदा रक्त दिलं: 398 आणि 421, दोन्ही ठीक. शुक्राणू मिलीलीटरला 20 लाख. निदान 1 कोटी 60 लाख हवेत. डॉक्टर म्हणतात वर्षही लागेल, त्याहून जास्तही. बायको 35 ची होईल.

आज पाच तारीख. सकाळीच खात्यातून 6,000 गेले. अजून दोन हप्ते आहेत.