मोबाईलमध्ये शिसवी, घरात भुशाचे : ऑनलाइन कपाटाची फसवणूक

फर्निचर विकणाऱ्या अनेक अ‍ॅपवर ‘तुमच्या खोलीत पाहा’ असे बटण असते. ते दाबून कॅमेरा खोलीकडे धरला की निवडलेली वस्तू आपल्या घरातच ठेवल्यासारखी दिसते. या ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीच्या आडून आमची 34,500 रुपयांना फसवणूक झाली. लातूर, नांदेड, परभणीकडे लग्नसराईसाठी अशी खरेदी करू पाहणाऱ्यांनी हे वाचावे, ही कळकळीची विनंती.

वडिलांच्या खोलीसाठी तीन दारांचे कपाट हवे होते. शहाबादी फरशीवर उभे राहिलेले ते ‘शिसवी’ कपाट मोबाईलमध्ये इतके खरे दिसले, की लाकडाच्या रेषा, मुठींची चमक, बाजूला पडलेली सावलीसुद्धा नजरेत भरली. लाकडाविषयी फोनवर विचारले असता विक्री प्रतिनिधी म्हणाला, “सर, तुम्ही स्वतः घरात ठेवून पाहिलंय, तेच येणार. अस्सल शिसव आहे.” बिलावर मात्र लाकडाचा उल्लेखच नव्हता.

कपाट आल्यावर ओळखीच्या सुतारमामांना दाखवले. दारावरच्या रेषा कडेपाशी येऊन एकदम तुटत होत्या आणि कडेला निराळीच पट्टी चिकटवलेली होती. त्यांनी बिजागरीचा स्क्रू काढताच भोकातून भुसा गळाला. “हे लाकूडच नाही सर. भुसा दाबून वरून कागद चिटकवलाय, ओल लागली की फुगतंय,” असे ते म्हणाले. मोबाईलमध्ये सहा फुटी भिंत भरून टाकणारे हे कपाट टेपने जेमतेम साडेपाच फूट भरले.

कॅमेरा आणि हालचाल टिपणारे सेन्सर यांच्या आधारे फोन फक्त जमिनीचा अंदाज घेतो. तिच्यावर दिसणारे त्रिमितीय मॉडेल, त्याचे माप आणि रंग विक्रेत्याकडूनच आलेले असतात. त्यामुळे शिसव आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी, या दृश्यात अगदी सारखेच दिसू शकतात. 2017 मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने असे अ‍ॅप आणले, तेव्हा वस्तू खोलीत मावेल का, हे ग्राहकाला कळावे, हा हेतू होता. तेच दृश्य मालाच्या दर्जाची हमी म्हणून पुढे करणे हा उघड अप्रामाणिकपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपनीने ‘दृश्य केवळ कल्पना येण्यासाठी’ या बारीक अक्षरांतल्या अटीवर बोट ठेवून माल परत घेण्याचे नाकारले. वास्तविक ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 प्रमाणे जाहिरातीतील गुणांशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी मुंबई-दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत.

पैसे भरण्यापूर्वी लाकडाचा प्रकार आणि लांबी-रुंदी-उंची ईमेलवर लेखी मागवावी, दृश्याचे स्क्रीन रेकॉर्डिंग करावे आणि वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट ठेवावेत. आमची तक्रार गेल्यानंतर अ‍ॅपवरील वर्णनातून ‘शिसवी’ हा शब्द काढून तेथे ‘वूड फिनिश’ असे लिहिण्यात आले. धाकट्या भावाने खरेदीआधीच केलेले रेकॉर्डिंग हाती होते, म्हणून जिल्हा आयोगापुढे मूळ वर्णन मांडता आले. निकाल अजून यायचा आहे.