कूपे घेताय? आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

जुन्या कूपेपायी माझे एकूण 11,46,000 रुपये गेले. टोकन 51,000 यूपीआयने, 9,00,000 आरटीजीएसने आणि 1,95,000 रोख. रोख दोन लाखांच्या आत ठेवायची, हेही विकणाऱ्या एजंटानंच सांगितलं होतं. वर गाडी आता जाग्यावरून हलत नाही आणि दुरुस्तीचं एस्टिमेट आहे 6,40,000.

गाडी लाल ऑडी टीटी, म्हणजे दोन दारांची बुटकी कूपे, 2012 चं मॉडेल, एमएच-12 पासिंग. हायवेलगतच्या प्लॉटवर उभी होती. एजंट आपलाच, कोल्हापूरचा. "दादा, विषय हार्ड हाय! सोमवारी ही इथं दिसणार नाही." मी काही अडाणी गिऱ्हाईक नाही. उद्यमनगरात लेथवर वाढलोय, इंजिनचा आवाज कानाला कळतो. चेसिस नंबर आरसीशी ताडला, कर्जाचा बोजा नाही हे पाहिलं, ई-चलन तपासलं. सगळं स्वच्छ. गाडी पुरात बुडाली होती हे आरसीवर कुठं लिहिलेलं नसतं, त्याला मी काय करू?

डोक्यात अजून ठसठसते ती डिकी. झाकण उचललं आणि नव्या सोल्यूशनचा भपकारा आला. कार्पेट कोरं, कडेला डिंक अजून चिकट. विचारलं तर म्हणाला, "इंटिरियर नवं केलंय दादा, 38,000 घातलेत." बारा वर्षांच्या गाडीत विकायच्या आधी 38,000 चं कार्पेट कोण घालतं? तिथंच किल्ली त्याच्या हातावर ठेवून निघायला हवं होतं. पण त्यानं लगेच दार उघडलं, मला बसवलं आणि बेल्टसुद्धा स्वतः लावून दिला, "जरा कागलपर्यंत फिरवून आणा." तेव्हा वाटलं, काय आदब!

बेल्ट त्यानं का लावला ते नंतर कळलं. एसी लावला की काच धुरकट व्हायची, मग एअरबॅगचा दिवा पेटला, मग गिअर अडकायला लागले. वर्कशॉपमध्ये मी बेल्ट खेचत गेलो. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ आणि वाळलेला गाळ. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीत. 2019 आणि 2021 चा गाळ खरवडून काढलेला माणूस मी, मला तो ओळखायला चष्मा लागत नाही. सीटखालचे बोल्ट गंजलेले, कनेक्टरच्या पिना हिरव्या. कूपे जमिनीला टेकलेली असते. ज्या पाण्यात एसयूव्हीचं पायदान भिजतं, त्यात हिची सीट बुडते. म्हणून सीटखाली हात घालाच.

आरसीवरच्या मूळ मालकाला फोन लावला. तो बिचारा चकित. "अहो, ती तर जुलै 2024 च्या पावसात पार्किंगमध्ये बुडाली. विमा कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असं धरून पैसे दिले, गाडी लिलावात गेली." त्यानं तेव्हाच मालकी बदलायच्या कोऱ्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या दिल्या होत्या. म्हणजे कागदावर गाडी थेट त्याच्याकडून माझ्याकडे आली! एजंट कुठंच नाही, आणि आरटीजीएस गेलं तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर.

विकणाऱ्याकडे जुनी पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) शून्य असेल किंवा मध्ये विमाच नसेल तर का, ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन इतिहास काढा. माझ्या गाडीचा जुलैनंतर कोरा होता आणि मला सांगितलं, "कंपनीत लुटतात, म्हणून बाहेर केलं."

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, "व्यवहार मालकाशी झालाय, एजंटाशी नाही." पैसे पुण्यातल्या खात्यात गेले म्हणून पुण्याला जा. पुण्यात म्हणे, गाडी कोल्हापुरात घेतली, तिकडं जा. हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून पुढं पाठवता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. हे मी दाखवलं तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" मग शेवटचं ठेवणीतलं वाक्य: ही दिवाणी बाब आहे. 500 च्या स्टॅम्पवर 'आहे त्या स्थितीत' लिहिलंय ना, सही तुमचीच ना? आणि रोखीची पावती? कोण देतो पावती! अर्ज घेतला, पोच देताना शिक्का सापडेना. फसवणाऱ्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही, माझी मात्र उलटतपासणी झाली. ज्याला लुटलं तोच आरोपी असल्यासारखा बाकड्यावर बसलेला, आणि तो पठ्ठ्या स्टेटसला नवीन गाडीचे फोटो टाकतोय.

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते मागा, नाही म्हणाला की उठा. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावताना फक्त 'एरर नाहीत' यावर खूश होऊ नका. रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या) 'नॉट रेडी' असतील तर एररचे कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. इंजिन थंड असताना स्वतः स्टार्ट करा. पैसे आरसीवरच्या नावाच्याच खात्यात, रोख एक रुपया नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. आपण राहतो तिथं टाकता येते, पुण्याला खेटे नकोत. तारखा पडतायत.

परवा एका अनोळखी माणसाचा फोन आला. गाडी आहे तशी 3,50,000 ला घेतो, फक्त कोऱ्या 29-30 वर सही द्या म्हणाला. मी कॉल रेकॉर्ड केला आणि वकिलाकडे दिला.