जुना बोट-ट्रेलर दुरुस्त करावा की नवा घ्यावा? : अमेरिकेत बोट ओढणाऱ्यांसाठी तुलना

अमेरिकेत वापरलेली बोट विकत घेताना सगळे लक्ष बोटीवर आणि इंजिनावर असते, आणि तिच्याखालचा ट्रेलर व्यवहारात जणू वरकड मिळालेला असतो. पुढे तो रस्त्यावर आणायची वेळ आली की दोन पर्याय समोर येतात: आहे तोच ट्रेलर दुरुस्त करणे किंवा बोटीच्या मापाचा नवा घेणे. येथे १७-१८ फुटी फायबरग्लासची बोट आणि तिच्याखाली एकाच ॲक्सलचा, रंगवलेल्या पोलादाचा, दहा-पंधरा वर्षे वापरलेला ट्रेलर असे उदाहरण धरले आहे, कारण जुन्या बाजारात ही जोडी वारंवार दिसते.

पान्याला हात लावण्याआधी बेरीज करावी. विक्रेता बोटीचे जे वजन सांगतो ते बहुधा रिकाम्या बोटीचे असते. समजा ते १,९०० पाउंड आहे. इंजिनाचे ३६० पाउंड, २५ गॅलन पेट्रोलचे गॅलनला सुमारे ६ पाउंडप्रमाणे १५०, बॅटरी, नांगर, लाइफजॅकेट आणि इतर सामान मिळून २००, आणि ट्रेलरचे स्वतःचे ७५० असे धरले तर एकूण ३,३६० पाउंड होतात. ट्रेलरच्या पट्टीवर छापलेली कमाल मर्यादा ट्रेलरच्या वजनासकट असते, हे येथे विसरता कामा नये. पट्टीवर ३,५०० असेल तर दुरुस्तीचा विचार पुढे नेता येतो. २,९०० असेल तर प्रश्न तेथेच संपतो. नुसता जाड ॲक्सल बसवून ट्रेलरची क्षमता वाढत नाही, कारण सांगाडा, टायर आणि कपलर (गाडीच्या मागच्या बॉलवर अडकणारे ट्रेलरचे तोंड) या प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा खरा धरावा लागतो. शंका असल्यास ट्रकच्या थांब्यावरील वजनकाट्यावर भरलेली बोट एकदा तोलून घ्यावी.

वजन बसत असेल तर निर्णय सांगाड्याच्या गंजावर येऊन ठरतो. येथे बोट कोठे वापरली गेली याला फार महत्त्व आहे. मिशिगनच्या गोड्या सरोवरांत बुडालेला आणि न्यू जर्सीच्या खाऱ्या किनाऱ्यावर बुडालेला ट्रेलर एकाच वर्षी बनलेले असले तरी त्यांची अवस्था सारखी नसते. चौकोनी पोकळ नळीचा सांगाडा आतून गंजतो आणि वरचा रंग मात्र धड दिसतो; म्हणून नळीचे खालचे अंग, पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, आडव्या तुळयांचे जोड आणि बोट टेकवण्याच्या फळ्यांखालचे आधार हातोडीने ठोकून पाहावेत. आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले किंवा धातू दबला तर वेल्डिंगचे ठिगळ लावण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ठिगळाशेजारचा पत्रा तितकाच पातळ झालेला असतो. गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, सांगाड्यावर वेल्डिंग करताना आणखी एक अडचण असते: जस्ताच्या धुराने कारागिराला ताप भरू शकतो आणि जोडाच्या ठिकाणचा संरक्षक थरही जळून जातो.

सांगाडा शाबूत असेल तर जुन्या ट्रेलरची बाजू एकदम भक्कम होते, कारण उरलेले जवळजवळ सर्व भाग बदलता येतात. बेअरिंग, ऑइल सील आणि ग्रीस यांचा खर्च काही दहा डॉलरांत मोजावा, टायर आणि संपूर्ण ॲक्सलचा काही शेकड्यांत, आणि नव्या ट्रेलरचा हजारांत. यांत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते बेअरिंगकडे. रस्त्यावर तापलेला हब, म्हणजे बेअरिंग बसवलेला चाकाचा मधला भाग, बोट उतरवण्याच्या रॅम्पवर थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलजवळून पाणी आत खेचले जाते. मग ग्रीस दुधाळ होते आणि बेअरिंग गंजते. म्हणून जुन्या ट्रेलरचे बेअरिंग नुसते वरून ग्रीस भरून वापरू नये, तर हब उघडून ते धुवावे, ओरखडे किंवा निळसर डाग दिसल्यास बदलावे आणि सील तर प्रत्येक वेळी नवेच घालावे. नट चाक फिरवत आवळावा, मग सैल करून हातानेच घट्ट करावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. पाटे असलेल्या ॲक्सलमध्ये पाटे आणि यू-बोल्ट स्वतंत्रपणे बदलता येतात; रबरी टॉर्शन ॲक्सलचे रबर बसले की बहुधा अख्खा ॲक्सलच काढावा लागतो.

टायरची नक्षी पाहून फसू नये. बोटीचा ट्रेलर वर्षातील बराच काळ उभा असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी वयाने म्हातारे होतात. टायरच्या बाजूवरील कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलून ट्रेलरसाठीच बनवलेले टायर घ्यावेत. गाडीचे जुने टायर चढवणे ही काटकसर नव्हे.

ब्रेकच्या बाबतीत नव्या ट्रेलरचे पारडे जड होते. अनेक राज्यांत ३,००० पाउंडांच्या वर ब्रेक सक्तीचे आहेत, काहींत मर्यादा त्याहून खाली आहे, आणि आपल्या उदाहरणातील ३,३६० पाउंड त्या रेषेच्या पलीकडे जातात. जुन्या ट्रेलरला ब्रेक नसतील तर ॲक्सलवर ब्रेकची पाती बसवण्याची चकती आहे का हे आधी पाहावे. नसेल तर ॲक्सल, सर्ज कपलर आणि नळ्या असा सगळा संच येतो आणि खर्चाचे अंतर झपाट्याने मिटते. गाडी मंदावली की ट्रेलर तिला पुढे रेटतो, आणि सर्ज ब्रेक त्या रेट्यावरच चालतात; मागे घेतानाही तसाच रेटा बसतो, म्हणून डिस्क ब्रेक बसवल्यास मागे घेताना ते अडवणारी व्यवस्था आणि तिच्यासाठी पाच तारांची जोडणी लागते.

जोडणीचे काम मात्र नव्या ट्रेलरनेही टळत नाही. बोटीची मागची भिंत फळ्यांच्या टोकाशी नेमकी यावी आणि कपलरवरचा भार एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के असावा. आपल्या उदाहरणात तो १७० ते ३३५ पाउंड होतो. भार कमी पडला तर ट्रेलर वेगात डोलू लागतो. विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब पुढे सरकवून किंवा, ॲक्सल यू-बोल्टने बांधलेला असल्यास, तो मागे नेऊन हा भार वाढवता येतो. २ इंची कपलरला २ इंचीच बॉल हवा; १⅞ इंची बॉलवर तो बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उसळून सुटतो. कुलूप लावल्यावर जॅकने कपलर वर उचलावा. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तरच पकड खरी. साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेदून लावाव्यात, आणि दिव्यांच्या अर्थिंगसाठी बॉलवर विसंबून न राहता वेगळी तार ओढावी.

गोड्या पाण्यात वापरलेला, मजबूत सांगाड्याचा आणि पुरेशा मर्यादेचा ट्रेलर मी निःशंकपणे दुरुस्त करून घेईन, भले ॲक्सल नवा घालावा लागला तरी. खाऱ्या पाण्यातला, रंगवलेल्या पोलादाचा ट्रेलर असेल आणि त्यावर ब्रेकही नसतील तर गॅल्वनाइज्ड नवा घ्यावा. ॲल्युमिनियमचा हलका असला तरी त्यावरील पोलादी बोल्टभोवती खाऱ्या पाण्याने धातू खाल्ला जातो, हे लक्षात ठेवूनच तो निवडावा. दोन्हींपैकी काहीही ठरले तरी चाकांचे नट पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, आणि पहिल्या थांब्यावर हबला हात लावून पाहावे: एक चाक दुसऱ्यापेक्षा बरेच गरम लागले तर पुढे न जाता ते उघडावे.