माळढोक: केंद्रात वाढवायचा की माळावर राखायचा?

निसर्गात दीडशेहून कमी माळढोक पक्षी उरले आहेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेर भागात. वाचवण्याचे मार्ग दोन.

पहिला, संवर्धन केंद्रातलं प्रजनन. 2019 पासून जैसलमेरजवळ सम इथे माळावरची अंडी आणून यंत्रात उबवतात आणि पिल्लं हाताने वाढवतात. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कोल्हा, कुत्रा, कावळा यांच्या तावडीतून ते वाचणं कठीण, म्हणून हा मार्ग मला पटतो. 2024 मध्ये तर कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं! पण माणसाने हाताने भरवलेल्या पिल्लाला भक्षकाची भीती कोण शिकवणार? म्हणूनच सोडायचा पक्षी शक्यतो केंद्रातल्या जोड्यांच्या पुढच्या पिढीतला असावा, आणि त्याला वर्षं लागतात.

दुसरा, माळरान राखणं. हे स्वस्त वाटतं, पण जास्त अवघड आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही. आणि शरीर इतकं जड की ऐनवेळी वळता येत नाही. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 पासून अभयारण्य आहे, तरी भोवती ऊस वाढला, माळ तुटले आणि माळढोक दिसणं दुर्मीळ झालं.

मला विचाराल तर केंद्र चालू ठेवावंच, पण पैसा आणि जोर आधी तारा जमिनीखाली नेण्यावर आणि गवताळ माळ मोकळे ठेवण्यावर लावावा. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती माळढोकाला चालते. तारांखालचं आभाळ चालत नाही.