ॲम्पचा फ्यूज उडाला: घरी बदलायचा की मेकॅनिककडे न्यायचा?

कार्यक्रमाला तासभर उरलाय, कीबोर्डचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) चालू केला आणि मागून नुसतं 'टिक'. लाइट नाही, आवाज नाही. आता पाच-दहा रुपयांचा फ्यूज आणून टाकायचा, की ॲम्प उचलून मेकॅनिककडे टाकायचा? (तिसरा उपाय म्हणजे फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं. मी एकदा केला. कार्यक्रम वाचला, ट्रान्सफॉर्मर गेला.)

उत्तर फ्यूजच्या काचेतच असतं. प्लग काढा. बऱ्याच ॲम्पना केबल खोचतो त्या सॉकेटजवळच छोटा खण असतो, फ्यूज त्यात. उजेडात धरा. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली दिसली, तर घरी बदलून बघायला हरकत नाही. फ्यूज वर्षानुवर्षं तापून थकतोही. काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल, तर आत शॉर्ट आहे असंच समजा. नवा टाकलात तरी तोही क्षणात जाणार. सरळ मेकॅनिक.

घरी बदलणार असाल तर चूक होते ती दुकानात. आपण 'दोन ॲम्पियरचा द्या' म्हणतो आणि दुकानदार हाताला लागेल तो देतो. जुन्याच्या टोपीवर 'टी २ ए' असेल तर तो स्लो-ब्लो, म्हणजे सावकाश उडणारा. 'एफ' म्हणजे झटक्यात उडणारा. ॲम्प चालू होताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर भरपूर करंट ओढतो, ते स्लो-ब्लो सोसतो. तिथे 'एफ' टाकलात तर ॲम्प ठणठणीत असूनही फ्यूज उडत राहील. आकडा मात्र कधीही वाढवायचा नाही. अमेरिकेहून आणलेला ॲम्प २३० व्होल्टवर करून घेतला असेल, तर १२० व्होल्टसाठी लिहिलेल्या आकड्याच्या साधारण निम्मा फ्यूज लागतो. नक्की आकडा बहुधा मागच्या पट्टीवर छापलेला असतो.

व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा जुन्या पद्धतीचा ॲम्प असेल तर माझं मत मेकॅनिककडेच झुकतं. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. फारतर व्हॉल्व्ह थंड झाल्यावर मागून पॉवर व्हॉल्व्ह (स्पीकरला ताकद देणारे मोठे व्हॉल्व्ह) काढा आणि योग्य फ्यूज टाकून थोडा वेळ चालू करा. फ्यूज टिकला तर संशय त्या व्हॉल्व्हवर. नाही टिकला तर दोष दुसरीकडे कुठेतरी, पण चेसिस (आतला पत्र्याचा डबा) उघडायच्या भानगडीत पडू नका.

मेकॅनिक मात्र पारखून घ्या. माझ्याकडून एकाने तीनशे रुपये घेतले, फ्यूज बदलला, आणि घरी आल्यावर पुन्हा 'टिक'. सध्याच्या मेकॅनिकच्या टेबलावर होल्डरमध्ये शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आहे. ॲम्प त्याच्या सिरीजमध्ये लावतो, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच ॲम्पला मिळते. बल्ब एकदा लखलखून मंद झाला तर ठीक. तसाच पेटून राहिला तर आत शॉर्ट. माझ्या ॲम्पला तो पेटूनच राहिला: आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर गेले होते.